दोनदा उमटलेली चांदणी

आमच्या घरात भाकरीची परात मोकळी अशी क्वचितच मिळायची. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांची खिचडी शिजवायला जायची. तिथून दमून आली, की हातपाय धुऊन तांदळाचं पीठ काढायची, परात ओढायला जायची, तर परातीत पाणी आणि पाण्यात आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, नाणी. घासायची नाहीत, नुसती भिजत ठेवायची, असा त्यांचा नियम. सुरुवातीला आईला तो कळला नव्हता. एकदा तिने हौसेने चिंच आणि मीठ लावून सगळी नाणी लखलखीत करून ठेवली, तर आप्पा दोन दिवस जेवताना बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं, की घासलं की खूण झिजते आणि खूण झिजली की नाणं मुकं होतं. आई म्हणाली, मग दोन दिवस तुमी कशानं मुके झाला व्हता? त्यावर मात्र ते हसले. पुढे आईने बाजारातून ॲल्युमिनियमचं एक घमेलं आणून त्यांच्या पुढ्यात ठेवली, पण त्यांचा हात आपला परातीकडेच जायचा.

आप्पा लोधिवलीजवळ जुन्या हायवेवरच्या एका पेट्रोल पंपावर होते. मी लहान असताना त्या रस्त्याला उसंत नव्हती. पुण्याकडे चढणाऱ्या ट्रकचे गिअर बदलण्याचे आवाज, हॉर्न, टायरवाल्याचा हातोडा, या सगळ्यात आम्ही बोलायचो म्हणजे ओरडायचोच. एक्स्प्रेसवे झाला आणि वाहतूक तिकडे वळली. आवाज एवढा कमी झाला की आईला कानात काही बिघाड झाल्यासारखं वाटायला लागलं. पंपावर सहाजण होते, त्यातले चार कमी केले. आप्पा राहिले, पण दिवसातला बराच वेळ खुर्चीवर बसून जायचा. त्या बसण्यात त्यांना नाणी दिसायला लागली. तोवर ती हातातून नुसती जात होती.

नाण्यावर सालाच्या आकड्याखाली एक बारीक खूण असते, हे त्यांना एका तेलंगणाच्या ड्रायव्हरने दाखवलं. नाणं कुठल्या टांकसाळीत पडलं ते त्या खुणेवरून कळतं. मुंबईचं असेल तर चौकट, म्हणजे पत्त्यांतल्या चौकटसारखा आकार. हैदराबादचं असेल तर चांदणी, नोएडाचं असेल तर टिंब, आणि कोलकात्याचं असेल तर काहीच नाही. ड्रायव्हर चहा पिऊन निघून गेला आणि आमच्या घरात ही गोष्ट कायमची राहिली. आप्पा कधी पुण्याच्या पुढे गेले नव्हते. पण आलेल्या गाडीचा नंबर बघायच्या आधी ते नाण्याची खूण बघायला लागले. घरी आले की सांगायचे, आज दोन टिंबं आली, आज एक चांदणी आली, आणि आई वालाचं बिरडं वाढता वाढता, पावणे आल्यासारखं काय सांगता, असं म्हणायची. हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की चांदण्याही सगळ्या एकसारख्या नसतात. काही बारीक, काही जाड, काही सालाला चिकटलेल्या, काही खाली उतरलेल्या. मग त्यांनी पंपावरच्या वाया गेलेल्या पावत्यांच्या मागच्या बाजूला या चांदण्यांची चित्रं काढायला सुरुवात केली. चित्रं काही जमत नव्हती. पाच टोकं काढता काढता पेन्सिल घसरायची आणि भेंडीच्या चकतीसारखं काहीतरी व्हायचं.

तेव्हा मी खालापूरला तहसील कचेरीच्या समोर एका फोटो स्टुडिओत काम करत होते. बारावी झाली होती, पुढचं काही ठरत नव्हतं. मालक दिनकरशेठ लग्नांच्या ऑर्डरी करायचे आणि दुकान माझ्यावर असायचं. दाखल्यांसाठी, अर्जांसाठी, बँकेसाठी फोटो काढायला दिवसभर माणसं यायची. स्टुडिओत नुकताच कॉम्प्युटर आला होता आणि त्यावर चेहरे साफ करायला शेठने मला शिकवलं होतं. गालावरचा मुरुमाचा डाग काढायचा, म्हणजे शेजारची चांगली कातडी उचलून त्याच्यावर ठेवायची. कपाळावरची कुंकवाची पसरलेली रेघ पुसायची. विस्कटलेला केस खाली बसवायचा. त्यात माझा हात इतका बसला, की समोर बसलेल्या माणसाकडे बघताना मला आधी त्याचे डाग दिसायचे. संध्याकाळी सहा आसनी रिक्षात कोंबून घरी यायचे, तेव्हा डोळे चुरचुरत असायचे. आणि दारात आप्पा हातात नाणं घेऊन उभे. मने, एक फोटो काढायचाय.

सुट्टीच्या दिवशी शेठचा जुना डिजिटल कॅमेरा घरी न्यायची मुभा होती. नाण्याचा फोटो काढणं हे माणसाचा फोटो काढण्यापेक्षा अवघड असतं, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. नाणं चकाकतं. फ्लॅश मारला की मधोमध पांढरा ठिपका येतो आणि खूण त्यात बुडते. फ्लॅश बंद केला तर हात हलतो. कॅमेरा वरून धरला की त्याचीच काळी सावली नाण्यात दिसते. मी दोन पाट उभे करून त्यांवर फळी टाकली, फळीला भोक पाडून घेतलं, कॅमेरा त्यात बसवला. भोवती आईची काळी साडी गुंडाळली. प्लॅस्टिकचा पांढरा ग्लास तळाशी कापून नाण्यावर पालथा घातला, म्हणजे उजेड चारी बाजूंनी सारखा यायचा आणि नाणं दुधात ठेवल्यासारखं शांत दिसायचं. त्या ग्लासाखाली मी दीडेकशे नाण्यांचे फोटो काढले असतील. आप्पा शेजारी उकिडवे बसून, चौकट, चांदणी, टिंब असं सांगायचे, आणि मी वहीत नंबर टाकायचे. आता लोक मोबाइलवरून मला अस्पष्ट फोटो पाठवतात, या नाण्याचे लाखो मिळतील का म्हणून विचारतात. मी नाही एवढंच लिहून पाठवते. समजावून सांगण्याची ताकद आता राहिली नाही.

नाणी जमवणाऱ्यांचं एक त्रैमासिक निघायचं, आम्ही त्याला मासिकच म्हणायचो. आप्पांनी वर्गणी भरून ते पोस्टाने मागवायला सुरुवात केली होती. त्यात वाचकांनी पाठवलेल्या नव्या प्रकारांचं एक पान असायचं. फोटो, खाली दोन ओळी, आणि शोधणाऱ्याचं नाव आणि गाव. आप्पा ते पान आधी वाचायचे. मोठमोठ्या शहरांची नावं असायची. ते कधी बोलून दाखवत नसत, पण मासिक घडी घालून ठेवताना ते पान वर राहील असं ठेवायचे.

आणि मग ते नाणं आलं. दोन रुपयांचं, अकरा कोनांचं, एका बाजूला भारताचा नकाशा असलेलं. सालाखाली चांदणी. त्या चांदणीच्या वरच्या अंगाला, आकड्याच्या पोटाला चिकटून, आणखी दोन टोकं. आप्पांचं म्हणणं असं, की नाणी पाडायच्या ठशावर चांदणीचा ठोका दोनदा बसला होता. पहिला जरा वर बसला, म्हणून दुसरा खाली मारला, आणि पहिल्याची दोन टोकं तशीच राहिली. त्यांनी मला भिंगातून दाखवलं. नाणं उजेडात धरून हळूहळू कलतं करायचं, एका ठिकाणी ती टोकं चमकून उठायची, आणि जरा बोट हललं की मावळायची. मला ती दिसली. हे मी मुद्दाम लिहिते आहे. ती तिथे होती.

फोटोत मात्र ती येईनात. माझा पांढरा ग्लास सगळीकडून सारखा उजेड टाकायचा, आणि अशा उजेडात एवढा बारीक उंचवटा दिसतच नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी नाण्याच्या एका कडेखाली काडेपेटी ठेवून पाहिली, तर अर्धं नाणं स्पष्ट आणि अर्धं धूसर. आप्पांचा दाढीचा आरसा लावला, खिडकीशी नेलं, अंगणात नेलं. चार रविवार गेले. आईला त्या दिवसांत बारीक ताप असायचा, तरी ती शाळेत जायची, आणि रविवारचं धुणंभांडं माझ्याकडे होतं. आप्पांनी कधी घाई केली नाही. पण रविवारी दुपारी जेवण झालं, सुकटीचा वास अजून हाताला असायचा, तोच ते फळी काढून पाट मांडून बसलेले असायचे. त्यांच्या त्या न बोलता बसण्याचा मला थकवा यायला लागला होता. मासिकाला फोटो पाठवायची मुदत जवळ आली होती. पाचव्या आठवड्यात, एका मंगळवारी, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी कॉम्प्युटरवर तो फोटो उघडला. चांदणीचं एक टोक उचललं, शेजारी ठेवलं. दुसरं उचललं, त्याच्या बाजूला ठेवलं. जरा फिकट केलं, कडा मऊ केल्या. पाच-सात मिनिटांचं काम. वर आकडा अगदी चिकटून असल्याने तिथे सफाईदार होत नव्हतं, म्हणून मी ती टोकं चांदणीच्या खाली, मोकळ्या जागेत ठेवली. कोण बघतंय, असं मनात आलं. टोकं आहेत हे खरं, ती खाली की वर याने काय फरक पडतो, असंही आलं. प्रिंट काढली, पाकिटात घातली आणि संध्याकाळी आप्पांच्या हातात दिली.

त्यांनी दारातल्या उजेडात ती बराच वेळ पाहिली. मग म्हणाले, आला म्हणायचा फोटो. आणि आत जाऊन लिफाफ्यावर पत्ता लिहायला बसले.

पुढच्या अंकात ते छापून आलं. फोटो, दोन ओळी, खाली आप्पांचं नाव आणि लोधिवली, ता. खालापूर. आप्पांनी अंक पंपावर नेला, ग्रामपंचायतीत नेला. शाळेच्या मुख्याध्यापकांनी एक झेरॉक्स काढून फळ्याशेजारी लावली. आईने त्या रविवारी घावन केले आणि नारळाचा रस. पावत्यांच्या मागची ती भेंडीसारखी चित्रं आप्पांनी एकत्र शिवून ठेवली. मी स्टुडिओत जात होते, येत होते, चेहरे साफ करत होते. अंक उघडून ते पान मी एकदाच पाहिलं.

दोनेक महिन्यांनी मासिकाच्या पत्त्यावरून पत्र आलं, की पुण्याचे साठेसर म्हणून एक जुने जाणकार आहेत, त्यांना नाणं प्रत्यक्ष बघायचं आहे. आप्पांनी आनंदाने या म्हणून कळवलं. सर एस.टी.ने जवळच्या चौक गावाला उतरले आणि रिक्षाने आमच्याकडे आले. सत्तरीचे, पायात कापडी बूट, खांद्याला पिशवी. गुडघे दुखत होते, तरी खुर्ची नको म्हणाले आणि आमच्याबरोबर चटईवर बसले. आईने पोहे केले होते. त्यांनी ते सावकाश खाल्ले, हात धुतले, रुमालाने कोरडे केले, मगच नाणं मागितलं. त्यांचं भिंग पितळेचं होतं. डाव्या हातात नाणं, समोर चटईवर मासिकातलं ते पान. नाण्याकडे बघायचे, पानाकडे बघायचे. असं किती वेळ चाललं सांगता येणार नाही. बाहेर कुणीतरी बोअरिंगचा दांडा मारत होतं, त्याचा आवाज तेवढा येत होता.

मग त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, की हा फोटो कुणी काढला.

मी भिंतीला टेकून उभी होते. तोंड उघडलंही असेल. पण आप्पा आधी बोलले.

“मीच काढून घेतला. का, सर?”

सरांनी बोट ठेवून दाखवलं. “फोटोत ही टोकं चांदणीच्या खाली आहेत. नाण्यावर खाली काहीच नाही. सपाट धातू आहे.”

“वर हायेत सर. आकड्याला लागून. जरा कलतं धरा.”

सरांनी पुन्हा भिंग उचललं. नाणं कलतं केलं. मी बघत होते, त्यांचा अंगठा त्या जागी आला होता, जिथे ती टोकं उजेड धरतात. क्षणभर ते थांबलेही. मला वाटलं, दिसलं. पण त्यांनी मान हलवली. “थोडा खडबडीतपणा आहे. झीज असेल, ओरखडा असेल. फोटो नसता पाहिला, तर कदाचित मी याचा विचार केला असता. आता कसा करू, सांगा तुम्ही.”

सरांनी नाणं रुमालावर ठेवलं आणि आप्पांकडे सरकवलं. ते रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, की मासिकाला कळवणं मला भाग आहे, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, हौसेपोटी माणसाकडून होतं. जाताना आईला, पोहे चांगले झाले होते, असं सांगून गेले. आप्पा त्यांना स्टॉपपर्यंत सोडायला गेले, सरांची पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेऊन.

परत आल्यावर ते मला काही विचारतील म्हणून मी वाट पाहत राहिले. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, आठवडाभर नाही. ते पंपावर जायचे, यायचे, जेवायचे. परात मोकळी राहायला लागली. आई एकदा ती हातात घेऊन तशीच उभी राहिलेली मी पाहिली.

थंडी सुरू झाली होती. एका रविवारी आप्पा पंपावर गेल्यावर मी डब्यातून ते नाणं काढलं. पांढरा ग्लास नको, आरसा नको, काही नको म्हणून नुसतंच उंबऱ्यावर ठेवलं. सकाळचं ऊन आमच्या दारातून अगदी जमिनीलगत यायचं. नाणं फिरवत फिरवत गेले, आणि आकड्याची बाजू उन्हाकडे आली तेव्हा ती दोन टोकं उठून उभी राहिली, त्यांच्या मागे त्यांची सावली पडली. मी काडेपेटीने दुसऱ्या बाजूचा उजेड अडवला, श्वास रोखून कॅमेऱ्याचं बटण दाबलं. तीन फोटो काढले. तिन्हींत टोकं होती. चार रविवार मी ज्यासाठी झगडत होते, त्याला अर्धा तास लागला होता. मला आनंद झाला नाही. मी तिथेच उंबऱ्यावर बसून राहिले, आणि आई आतून, काय झालं गं, म्हणून विचारत राहिली.

सोमवारी दुकानात प्रिंट काढली. संध्याकाळी आप्पा ओट्यावर पाय धूत होते, तिथे जाऊन ती त्यांना दिली आणि सगळं सांगितलं. मंगळवार, कॉम्प्युटर, खालची मोकळी जागा. त्यांनी ओले हात लुंगीला पुसले, प्रिंट कडेने धरली आणि बघत राहिले.

“हा खरा हाय,” ते म्हणाले.

मी म्हटलं, तुम्ही सरांपुढे माझं नाव का नाही घेतलं? मला तेव्हाच बोलायचं होतं.

तांब्यातलं उरलेलं पाणी त्यांनी कढीपत्त्याच्या झाडाला घातलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “तू पाकीट दिलंस ना, त्याच दिवशी मला कळलं व्हतं. ते नाणं मी डोळे मिटून काढून दाखवीन. टोकं खाली नायत, हे मला दिसलं नाय असं वाटतं का तुला?”

“मग पाठवलंत का?”

“दमलो व्हतो,” ते म्हणाले. “तूही दमली व्हतीस. वाटलं, एवढ्या लोकांची नावं येतात. एकदा येऊ दे आपलंबी.”

माझ्यापाशी तोवर कुणी काही कबूल केलं नव्हतं. मोठी माणसं लहानांना असं सांगत नसत. मी त्यांच्या हातातला तांब्या घेऊन आत ठेवायला गेले. आई चुलीपाशी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती एवढंच म्हणाली, की दोघं एकदाचे बोललात तर. आणि ताटं घ्यायला लागली.

पत्र आम्ही त्याच आठवड्यात लिहिलं. आप्पा सांगत होते, मी लिहीत होते. आधीचा फोटो बनवलेला होता, तो पाठवायला नको होता, सरांनी जे सांगितलं ते बरोबर आहे. सोबत खरा फोटो जोडत आहोत, नाणं कधीही येऊन बघावं. मी शेवटी फक्त माझं नाव घातलं. त्यांनी ते वाचलं, कागद परत दिला आणि त्यांचंही नाव लिहायला लावलं. वर त्यांचं, खाली माझं. मी म्हटलं, फोटो मी केला. ते म्हणाले, पाठवला मी. दोघांनी सह्या केल्या. चौकच्या पोस्टात मी स्वतः ते टाकून आले.

पुढच्या अंकात त्याच पानाच्या तळाशी चार बारीक ओळी आल्या. अमुक अंकातला दोन रुपयांच्या नाण्याचा फोटो बनावट असल्याचं संबंधितांनी मान्य केलं असून ती नोंद रद्द समजावी. नवा फोटो छापला नव्हता, त्याचा उल्लेखही नव्हता. साठेसरांचं मात्र आप्पांना एक पोस्टकार्ड आलं. फोटो पाहिला, टोकं दिसतात, पण आता मी सांगूनही कुणी ऐकणार नाही, असं त्यात होतं. खाली तब्येतीची चौकशी. आप्पांनी त्याला उत्तर पाठवलं, आणि मग सर जाईपर्यंत दोघांची पत्रं येत-जात राहिली. आप्पा पुन्हा परातीत नाणी भिजवायला लागले, पण मासिक मागवणं बंद केलं. आप्पांना जाऊन आता सात वर्षं झाली. ते नाणं माझ्याकडे आहे. माझ्या डोळ्यांना चष्मा लावूनही ती टोकं आता नीट दिसत नाहीत.

त्या चार ओळींत नाव एकच छापलं होतं, त्यांचं. पत्रावर दोन सह्या असताना माझी का गाळली, कोण जाणे. कदाचित मी मुलगी म्हणून, कदाचित जागा कमी पडली म्हणून. त्या वर्षी माझ्यासाठी स्थळं बघायला सुरुवात झाली होती. आप्पा म्हणाले, आपण पुन्हा लिहू, त्यांना दुरुस्ती करायला सांगू, तुझी परवानगी असेल तर. मी म्हटलं, राहू द्या आता, कशाला. ते बरं म्हणाले. आणि माझं नाव त्यात नाही याचं मला किती हायसं वाटलं होतं, हे मी ते असेपर्यंत त्यांना सांगितलं नाही.